दोघं असाल तर आर.बी.आय., एकटे असाल तर बेसबॉल स्टार्स

निन्टेन्डोच्या एनईएस या जुन्या व्हिडिओ गेम मशीनवर बेसबॉल खेळायचाय आणि पैसे एकाच कार्ट्रिजपुरते आहेत, तर माझ्या मते निवड दोनांतलीच: टेंगेन कंपनीने अमेरिकेत आणलेला ‘आर.बी.आय. बेसबॉल’, किंवा एसएनके कंपनीचा १९८९चा ‘बेसबॉल स्टार्स’.

नव्वदीत आपल्याकडे एका कार्ट्रिजमध्ये ढीगभर गेम यायचे. त्यातला बेसबॉल बहुधा निन्टेन्डोचा १९८३चा. त्यात क्षेत्ररक्षक आपले आपण पळतात, आपल्या हाती फक्त चेंडू फेकणं. तो खेळून कंटाळला असाल तर त्यावरून या दोघांना जोखू नका.

आर.बी.आय. म्हणजे मुळात नामकोचा १९८६चा जपानी गेम. अमेरिकी आवृत्तीला खेळाडूंच्या संघटनेचा परवाना होता, म्हणून रॉजर क्लेमेन्स, नोलन रायन ही नावं खरी. संघांना मात्र नुसती शहरांची नावं. मजा आहे ती चेंडूत. हातातून सुटल्यावरही डावं-उजवं बटण दाबून तो हवेत वळवता येतो. बॅट्समन बाहेर सरकला की आत आणायचा, पुढच्या वेळी तो आत दबा धरून बसला की बाहेर काढायचा. शेजारी बसलेल्या माणसाच्या मनातलं ओळखायचा हा खेळ आहे. सेंट लुइसचा व्हिन्स कोलमन पहिल्या बेसवर पोचला की समोरच्याचं अर्धं लक्ष त्याच्यावरच, कारण दुसरा बेस तो चोरणारच, म्हणजे फटका बसायची वाट न बघता तिकडे पळणारच. १० रनांची आघाडी झाली की सामना तिथेच संपतो, त्यामुळे लगेच ‘अजून एक’ म्हणता येतं. कॉम्प्युटरविरुद्ध मात्र यातला अर्धा रस जातो.

‘बेसबॉल स्टार्स’मध्ये खरी नावं नाहीत, आणि मला ती कधी आठवलीही नाहीत. इथे संघ तुम्ही बनवता. सामने जिंकून पैसे कमवायचे, त्यातून खेळाडूंची ताकद वाढवायची, नवे घ्यायचे. बाईमाणसंही संघात घेता येतात. क्षेत्ररक्षक सूर मारतो, कुंपणावर चढतो आणि बाहेर जाणारा चेंडू, म्हणजे होमरन, अडवतो. स्वतः नाव दिलेल्या पोराने असा झेल घेतला की मी अजूनही खुर्चीतून उठतो.

तिसरं नाव जालेकोच्या ‘बेसेस लोडेड’चं निघतं. पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, पाठीमागून दिसणारं दृश्य अगदी टीव्हीवरच्या सामन्यासारखं, पण चेंडू उडाला की क्षेत्ररक्षण जड जातं. पहिला म्हणून घेऊ नका.

घेण्याआधी दोन गोष्टी बघा. अमेरिकी कार्ट्रिजला ७२ पिना असतात. आपल्याकडच्या ६० पिनांच्या जुन्या मशीनमध्ये ते अ‍ॅडाप्टरशिवाय बसत नाही. आणि ‘बेसबॉल स्टार्स’मधला संघ आतल्या बटन सेलवर टिकतो. माझं सेकंडहँड कार्ट्रिज ‘एकदम ओके’ म्हणून आलं होतं. रात्रभर उभा केलेला संघ सकाळी गायब. विकणाऱ्यासमोरच एक संघ बनवा, मशीन बंद करा, चहा होईपर्यंत थांबा आणि पुन्हा चालू करून बघा.