दहा महिने हॉटस्पॉटवर: वरचा फोन आणि खालचं ऑफिस

जून २०२४ मध्ये सासूबाई पडवीच्या पायरीवरून घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी पुण्याचं बिऱ्हाड अर्धं गुंडाळून गावी आले. गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवरुखपासून पंधरा-सोळा किलोमीटर आत. माझं काम जीएसटीची रिटर्न भरायचं. पुण्यातली तीसेक छोटी दुकानं आणि वर्कशॉपं माझ्याकडे आहेत. म्हणजे लॅपटॉप आणि इंटरनेट एवढंच भांडवल. गावात फायबर नाही, आणि "दिवाळीपर्यंत येईल" हे वाक्य मी आल्यापासून ऐकतेय. तेव्हा तीन वर्षं जुना, ५००० एमएएच बॅटरीचा, साधा ४जी अँड्रॉइड फोन हॉटस्पॉट म्हणून लावला. महिना-दीड महिना काढायचा म्हणून लावलेली ती सोय एप्रिल आला तरी चालूच आहे. रोज आठ-नऊ तास. त्या दहा महिन्यांचा हा अनुभव.

पहिल्याच सकाळी फजिती झाली. रोजचे २ जीबी मिळणारा रिचार्ज, आणि पावणेदहाला मेसेज की आजचा डेटा संपला. मी तोवर दोन ईमेल पाठवले होते. झालं असं की विंडोजला हॉटस्पॉट म्हणजे घरचं वायफायच वाटतं. त्याने मागच्या मागे अपडेट उतरवायला घेतलं आणि वनड्राइव्हनेही (फायली नेटवर साठवणाऱ्या सोयीने) फोल्डर चढवायला काढले. दिवसाचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर जातो, यूपीआयने पैसेही जातात, पण जीएसटीचं पोर्टल गोल गोल फिरत राहतं. उपाय दोन मिनिटांचा आहे: विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे 'हे नेट मोजून मिळतं, जपून वापर' हे सेटिंग, चालू करायचं. अँड्रॉइडचा टॅब अँड्रॉइडच्या हॉटस्पॉटला जोडला तर तो बहुधा आपणहून ओळखतो की हा मोबाइलचा डेटा आहे, आणि हात आखडता घेतो. लॅपटॉपला ते कळत नाही, सांगावं लागतं. ही एक गोष्ट केल्यावर माझे २ जीबी रात्रीपर्यंत पुरायला लागले. पोर्टल, एक्सेल, ईमेल यांना डेटा फार लागत नाहीच. खातो तो व्हिडिओ. माझ्या लॅपटॉपवर तासाभराच्या मीटिंगला ७००-८०० एमबी जायचे, कॅमेरा बंद ठेवला की शंभराच्या आत. तेव्हापासून माझा चेहरा कुठल्याही क्लायंटने पाहिलेला नाही आणि कुणाची तक्रारही नाही.

आता जागेचं. यात माझे पहिले तीन आठवडे वाया गेले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं घर जांभ्याचं. भिंती दीड-दोन फूट जाड, वर कौलं. माझं टेबल माजघरात, कारण सासूबाईंची खाट तिथेच आणि त्यांना हाक ऐकू जायला हवी. मी साहजिकच फोन लॅपटॉपच्या शेजारी ठेवायचे. लॅपटॉपवर वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, आणि नेट मात्र रडतखडत. मला वाटायचं टॉवरच वाईट. मग एकदा फोनच्या सेटिंगमध्ये, सिमच्या माहितीत, सिग्नलचा आकडा दिसला. माजघरात उणे ११७ डीबीएम, आणि माडीवरच्या पूर्वेच्या खिडकीत उणे ९८. आकडा शून्याच्या जितका जवळ तितका बरा. फरक १९ डीबीचा (डेसिबलचा) दिसतो, पण हे माप साध्या वजाबाकीचं नाही. दर १० डीबीला ताकद दहापट होते, म्हणजे त्या खिडकीत माजघरापेक्षा जवळजवळ ऐंशीपट सिग्नल होता! ती खिडकी समोरच्या डोंगरावरच्या टॉवरकडे उघडते, मध्ये नुसती दरी.

म्हणजे फोन लॅपटॉपजवळ ठेवायचाच नाही. फोन टॉवरच्या नजरेत ठेवायचा, आणि फोन ते लॅपटॉप हे अंतर वायफायला कापू द्यायचं. मात्र हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ गिगाहर्ट्झ हवा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरा, पण भिंतीपुढे लवकर दमतो. आमच्या माडीची जमीन लाकडी फळ्यांची आहे. त्यातून २.४ सरळ खाली माजघरात उतरतो. तोच सिग्नल शेजारच्या खोलीत, जांभ्याच्या भिंतीपलीकडे, निम्मासुद्धा राहत नाही. आता लॅपटॉपवर वायफायच्या दोनच दांड्या दिसतात आणि नेट पाचपट पळतं. पुतण्याला हे अजून पटलेलं नाही. तो आला की फोन खाली आणून टेबलावर ठेवतो आणि "काकी, नेट गेलं" म्हणतो.

केबलने जोडणं, म्हणजे यूएसबी टेदरिंग, हे खरं तर सगळ्यांत भरवशाचं. वायफायची कटकट नाही आणि फोनही चार्ज होत राहतो. २० तारखेला, ३बी (महिन्याच्या कराचं जीएसटी रिटर्न) भरायच्या दिवशी, मी लॅपटॉप घेऊन माडीवर जाते आणि केबलच लावते. रोज ते जमत नाही, कारण साधी यूएसबी केबल पाच मीटरच्या पुढे चालत नाही आणि माजघर त्याहून लांब. ब्लूटूथनेही नेट देता येतं. बॅटरी कमी खातं, पण वेग इतका कमी की मी दोन दिवसांत सोडलं.

फोन माडीवर गेला तेव्हा नेटचा प्रश्न सुटला आणि माझा सुरू झाला. तो माझाच फोन होता ना! बँकेचा ओटीपी वर यायचा आणि मी खाली. आमचा जिना म्हणजे जवळजवळ शिडीच. पहिल्या महिन्यात मी दिवसातून वीस वेळा तो चढले असेन. मेसेज लॅपटॉपवर दिसायची सोय करून घेतली, तेव्हा गुडघ्यांना सुटी मिळाली. पण कॉल? फोनमध्ये दुसरं सिम क्लायंटसाठीचं. इथे एक गंमत कळली, ती दोन सिम वापरणाऱ्या प्रत्येकाने कानाला खडा म्हणून लावावी. रिटर्न भरताना ओटीपी क्लायंटच्या मोबाइलवर जातो आणि तो मला फोन करून आकडे सांगतो. तो फोन यायचा दुसऱ्या सिमवर. अशा बहुतेक फोनांत दुसऱ्या सिमवर कॉल चालू असला की पहिल्याचा डेटा थांबतो. म्हणजे गडी आकडे सांगतोय, मी ते टाइप करतेय आणि पोर्टल गोठलेलं. आठवडाभर मी पोर्टलला शिव्या घातल्या. मग आकडे कागदावर लिहून, फोन ठेवून, नेट परत यायची वाट बघून मग भरायचे, असं चाललं. काही फोनांत कॉलच्या वेळी डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर वळवायची सोय असते. माझ्यात ती होती, पण त्या सिमवर डेटा पॅकच नव्हता.

आणि घरातून बाहेर पडायचं म्हटलं की वेगळीच पंचाईत. मी भाजीला गेले तर फोन माझ्याबरोबर जाणार, म्हणजे लेकाचा ऑनलाइन क्लास बंद. फोन ठेवून गेले तर सासूबाईंनी मला हाक मारायची कशावर? तीन-चार महिन्यांनी लक्षात आलं की हा फोन आता माझा उरलेला नाही, घराचा झालाय, विहिरीच्या पंपासारखा. त्याला हात लावला की कुणीतरी ओरडतंच.

पावसाळ्याबद्दल मात्र हॉटस्पॉटला पैकीच्या पैकी. जुलैमध्ये आमच्याकडे लाइट जाते म्हणजे जातेच. फायबरचा राउटर असता तर लाइटबरोबर तोही गेला असता. फोनला स्वतःची बॅटरी, लॅपटॉपला स्वतःची, त्यामुळे अंधारात मेणबत्तीशेजारी बसून मी रिटर्नं भरली आहेत. माझा फोन हॉटस्पॉट चालू ठेवून साधारण सहा तास काढायचा. डोंगरावरचा टॉवरही बॅटरीवर तीन-चार तास तग धरतो, त्यानंतर तोच मान टाकतो आणि मग गावातले सगळे एकाच वेळी वाणसामान आणायला बाहेर पडतात. दमट हवेचा एक त्रास आहे. दोनदा चार्जिंगच्या भोकात ओलावा आहे असं सांगून फोनने चार्ज व्हायला नकार दिला. सासूबाईंनी तो प्रेमाने तांदळाच्या डब्यात पुरला. करू नका. कोंडा त्या भोकात जाऊन बसतो आणि तो काढायला अर्धा दिवस जातो. चुलीपासून दोन हात लांब, वाऱ्यावर नुसता ठेवला तरी पुरतं.

गणपतीत सगळं कोसळलं. वर्षभर दीडशे माणसांचं गाव, गणपतीला चाकरमानी आले की पाचशेचं होतं, आणि टॉवर तेवढाच. आरत्यांचे व्हिडिओ, मुंबईत राहिलेल्यांना व्हिडिओ कॉल. एरवी सकाळी १५ एमबीपीएस मिळणारा वेग दिवसभर अर्ध्यावर, आणि अर्ध्यावर म्हणजे अर्धा एमबीपीएस. त्यात २०२४ला गौरीपूजन आणि जीएसटीआर-१ची (विक्रीच्या तपशिलाच्या रिटर्नची) शेवटची तारीख एकाच दिवशी, ११ सप्टेंबरला. पहाटे साडेचारला उठून, गौरींच्या शेजारी बसून, अकरा जणांची रिटर्नं चढवली. पुण्यातल्या लोकांना ओटीपीसाठी उठवलं म्हणून त्यांनी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. एरवीही माझा अनुभव असाच: पहाटे चार ते सात नेट आपल्या बापाचं, रात्री आठ ते साडेदहा सगळ्या गावाचं.

तेव्हाच एक सामाजिक बाजूही कळली. हॉटस्पॉटचं नाव मी भाबडेपणाने आडनावानेच ठेवलं होतं. तीन दिवसांत खळ्यात पाच पोरं जमली, "काकी, जरा हॉटस्पॉट द्या ना, पाचच मिनिटं." गणपतीत नाही कसं म्हणणार? पासवर्ड दिला आणि २ जीबी सकाळच्या आरतीआधी संपले. आता जोडलेल्या उपकरणांची कमाल संख्या तीन करून ठेवली आहे. चौथा जोडायला आला की फोनच नाही म्हणतो, माझं तोंड वाईट होत नाही.

उष्णता हा मात्र खरा शत्रू. हॉटस्पॉट, कमजोर सिग्नल आणि सोबत चार्जिंग, हे तीन एकत्र आले की फोन तव्यासारखा तापतो. सिग्नल कमजोर असला की फोनला टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावावा लागतो, त्यामुळे खिडकीत ठेवण्याचा इथेही फायदा होतोच. मी कव्हर काढलं आणि फोन शहाबादी फरशीच्या तुकड्यावर ठेवला. फरशी उष्णता ओढून घेते. हिवाळ्यात हे छान चाललं. पण फोन कायम चार्जरला लावून, १०० टक्क्यांवर, गरम ठेवणं म्हणजे बॅटरीचा छळ आहे हे मला फार उशिरा कळलं. फेब्रुवारीत एक दिवस फोन टेबलावर ठेवला तर तो भोवऱ्यासारखा फिरला. पाठ फुगलेली! फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज तर अजिबातच करायची नाही. फोन बंद करून चिपळूणला नेला. बॅटरी बदलायला १२०० रुपये लागले आणि तीन दिवस मी लेकाच्या टॅबमध्ये सिम घालून काम केलं. नवीन फोनांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, जुन्यात नव्हती. मग नवऱ्याने चार्जरला टायमर लावून दिला. सकाळी दीड तास, दुपारी दीड तास, संध्याकाळी एक. तेव्हापासून फोन हाताला कोमट लागतो, त्याच्या वर नाही. एप्रिलमध्ये माडी कौलांमुळे भट्टी होते, तेव्हा दुपारी फोन पडवीच्या खिडकीत उतरवते. सिग्नल थोडा कमी, पण बॅटरी जिवंत.

खर्च सांगते. जुलै २०२४ मध्ये दर वाढले, त्यानंतर मी ३४९ रुपयांचा, २८ दिवसांचा रिचार्ज करते. २८ दिवस म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. हा एक महिना कंपन्यांनी कुठून काढला कोण जाणे. वर अधूनमधून जादा डेटाचे पॅक, बॅटरीचे १२००, टायमर. पॅकवर 'अनलिमिटेड ५जी' असं ठळक लिहिलेलं असतं. गावात ५जी पोचलेलं नाही आणि माझा फोनही ४जी, त्यामुळे ते मी वाचते आणि सोडून देते. हॉटस्पॉटसाठी वेगळे पैसे आपल्याकडे द्यावे लागत नाहीत, हे एक बरं.

मार्चमध्ये मी स्वतःसाठी नवा फोन घेतला. दोन्ही जुनी सिमं त्यात घातली, आणि जुन्या फोनला फक्त डेटासाठी तिसरं सिम. त्यातली सगळी अ‍ॅपं काढून टाकली आणि कुणी न जोडल्यास हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याचं सेटिंगही बंद केलं, नाहीतर जेवून येईपर्यंत तो झोपी जातो. हे मी जूनमध्येच करायला हवं होतं. हजार-दोन हजाराच्या मोहापायी आठ महिने जिना चढले. कपाटात जुना फोन पडला असेल, बॅटरी धड असेल, तर पहिल्या दिवशीच हे करा. जुना फोनच नसेल तर सिम घालायचा छोटा ४जी राउटर बघा. पण लाइट जाणाऱ्या गावात तो बॅटरीवाला हवा.

जुन्या फोनला आता घरात कुणी फोन म्हणत नाही. काल संध्याकाळी वळीव आला, लाइट गेली, आणि सासूबाईंना मुंबईच्या नणंदेला व्हिडिओ कॉल लावायचा होता. खाटेवरूनच त्यांनी विचारलं, "अगो, वरचा जागा आहे का बघ." मी लॅपटॉपवर बघितलं. दोन दांड्या होत्या.