ऊस वाहतुकीला ट्रॅक्टर की ट्रक: आधी ब्रेक बघा, मग केबिन

दसरा-दिवाळी जवळ आली की कराड, वाळवा, पलूस पट्ट्यात एकच विषय निघतो. कारखान्याचा करार झालाय, ऊसतोड टोळीला उचल (आगाऊ रक्कम) दिलीय, आता गाडी कुठली घ्यायची? बोलणं किंमत, हप्ता आणि टनामागचा वाहतूक दर यांवर सुरू होतं आणि तिथंच संपतं. भरलेला माल कशानं थांबणार आणि ड्रायव्हर चार-पाच महिने रात्रंदिवस कुठं बसणार, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं आहे की गाडी याच दोन गोष्टींवर ठरवावी.

आधी ट्रॅक्टर. पन्नास एचपीच्या आसपासचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढतो, ते रोज डोळ्यांसमोर दिसतं. अडचण थांबवताना येते. बहुतेक टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर मागचा सगळा ऊस त्या दोन चाकांच्या जिवावर उतार उतरतो. ड्रायव्हरनं जोरात पेडल मारलं की ट्रॅक्टर थांबायला बघतो, ट्रॉली मात्र ढकलतच राहते. मग ती हुकापाशी तिरकी होते आणि ट्रॅक्टरला आडवं फेकते. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे तर इंजिनाचा उरलासुरला आधारही सोडून देतात.

म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न ट्रेलर ब्रेकचा विचारा. हायड्रोलिक ट्रेलर ब्रेकमध्ये ट्रॅक्टरचं पेडल दाबलं की तेलाचा दाब पाइपातून ट्रॉलीच्या ब्रेकपर्यंत जातो. टिपिंगचा (ट्रॉली उचलून माल ओतायचा) पाइप आहे म्हणजे ब्रेकही आहे, असं समजू नका. दोन्हींचं काम वेगळं. ट्रॉलीला ब्रेकचे ड्रम आणि सिलिंडर बसवून घ्यावे लागतात, पाइप दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत न्यावा लागतो. खर्च होतो, पण साउंड आणि लायटिंगवर आपल्याकडे हौसेनं पैसे घातले जातात, त्यातला थोडा आधी इकडे वळवा.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्या पेडलांची कडी. रानात वळताना एकाच चाकाला ब्रेक लावायला पेडलं सुटी लागतात. रस्त्यावर ती जोडलेलीच हवीत. एकाच चाकाला ब्रेक लागला तर भरल्या ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. जुना ट्रॅक्टर घेत असाल तर कडी अडकवा, पेडल पायानं जोरात दाबा आणि कडी उडते का बघा. भोक झिजून लांबट झालं असेल तर उडते. ट्रॉली जोडायची जागाही बघा. हुक मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापेक्षा खाली पाहिजे. वर जोडलं तर चिखलातून ओढ घेताना पुढची चाकं उचलतात, आणि तिथून ट्रॅक्टर उलटायला वेळ लागत नाही.

ट्रकचं इथं पारडं सरळ जड आहे. एअर ब्रेक सगळ्या चाकांना, उतारासाठी एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा), 2015 पासूनच्या मोठ्या ट्रकना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. स्प्रिंगचा पार्किंग ब्रेक असेल तर हवा गेली तरी चाकं धरली जातात. 2018 मध्ये वजनाची मर्यादाही वाढली: दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला 16.2 ऐवजी 18.5 टन, तीन अ‍ॅक्सलला 25 ऐवजी 28.5 टन. यात गाडीचं स्वतःचं वजन धरलेलं असतं, हे काट्यावर जायच्या आधीच लक्षात घ्या.

पण ट्रक फडात जात नाही. कृष्णाकाठच्या काळ्या रानात जरा ओल असली की तो रुततो आणि शेवटी काढायला ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. पाणंद अरुंद असली तर ऊस डोक्यावरून बांधापर्यंत आणावा लागतो आणि टोळी कुरकुरते.

केबिनमध्ये दोघांचं दुखणं वेगळं आहे. उघड्या ट्रॅक्टरवर डोक्यावर फक्त छत. डिसेंबरातल्या पहाटेची थंडी, पाचटाची धूळ, अंगाला लागणारी कूस, सगळं ड्रायव्हरवर. एसी केबिनचे ट्रॅक्टर मिळतात, पण काही लाख जास्त मोजावे लागतात आणि फडात काचेवर ऊस आपटतो. फक्त वाहतुकीसाठी मी तो पैसा केबिनमध्ये घालणार नाही. चांगली स्प्रिंगची सीट घेईन आणि बाकीचे ट्रॉलीच्या ब्रेकला घालीन.

ट्रकचं म्हणाल तर 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या साडेतीन टनांवरच्या मालगाड्यांत एसी केबिन सक्तीची आहे. गव्हाणीपुढे (कारखान्यात ऊस टाकायच्या जागेपुढे) रात्रभर रांगेत थांबणाऱ्याला ती झोपेपुरती सोय वाटते, आणि झोप झालेला ड्रायव्हर हीच मोठी सुरक्षा. मात्र पाचटाचा भुगा एसीच्या कंडेन्सरच्या (गरमी बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) जाळीत बसतो. ती दर आठवड्याला हवा मारून साफ केली नाही तर एसी हंगामाच्या मध्यावरच गार हवा द्यायचं थांबवतो.

जुना ट्रक बघताना मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा सीटची उजवी कड बघा. ड्रायव्हर दिवसातून कितीदा तरी त्याच कडेवरून घसरत उतरतो, त्यामुळे रेक्झिन तिथंच आधी फाटतं आणि आतला फोम चेपतो. क्लच पेडलच्या रबरावरच्या रेघा गेल्या असतील आणि मीटर कमी दाखवत असेल, तर रबर खरं बोलतंय. पायाखाली कापडी गालिचा नको, जाड रबरी मॅट हवी. उसाचा रस, चिखल, चहा सगळं धुऊन जातं. मॅट उचलून खालचा पत्रा गंजलाय का तेही बघा. पावसाळ्यात गाडी उभी राहते तेव्हा उंदीर वायरिंग कुरतडतात, म्हणून डॅशबोर्डखाली टॉर्च मारून जोडलेल्या वायरी तपासा.

रान कारखान्यापासून जवळ, वाट पाणंदीची, तर ब्रेकवाल्या दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर घ्या. लांबून, हायवेनं ऊस आणायचा असेल तर ट्रक. रस्त्यात घाट येत असेल तर कितीही स्वस्त पडला तरी ट्रॅक्टरचा विचार करू नका.