ग्योकुसेनजी, शिमोदा : हॅरिसच्या वकिलातीचे स्थळ आणि संग्रहालय

जपानमधील शिमोदा बंदरात येणाऱ्या पर्यटकांची पावले साहजिकच, जपानला बंदरे उघडायला लावणाऱ्या अमेरिकी नौदलाच्या कमोडोर पेरीच्या स्मारकाकडे वळतात. परंतु ज्याच्या चिकाटीमुळे अमेरिका-जपान व्यापाराचा करार झाला, तो जपानमधील पहिला अमेरिकी वाणिज्यदूत टाउन्सेंड हॅरिस समजून घ्यायचा असेल, तर काकिझाकीतले ग्योकुसेनजी हे सोतो झेन पंथाचे मंदिर पाहायलाच हवे. १८५६ मध्ये अमेरिकेची जपानमधील पहिली वकिलात येथेच थाटली गेली. आज त्याच आवारात हॅरिसच्या स्मरणार्थ एक छोटेखानी संग्रहालय आहे.

संग्रहालयापेक्षाही मला आवाराने अधिक काळ थांबवून ठेवले. ४ सप्टेंबर १८५६ रोजी, उत्कंठेने आणि डासांनी झोप उडालेल्या हॅरिसच्या देखत, ध्वजस्तंभ उभारताना कोसळला. जहाजावरून जादा माणसे आणावी लागली आणि दुपारी अडीच वाजता निशाण चढले. विजयाच्या त्या दिवशीही, या बदलात जपानचे खरे हित आहे का, असा प्रश्न त्याने रोजनिशीत नोंदवला, आणि त्याच्याविषयीचा माझा आदर मुख्यतः त्या प्रश्नामुळे आहे. त्याला घेऊन आलेले सॅन जसिंटो हे जहाज निघून गेल्यावर सुमारे वर्षभर एकही अमेरिकी जहाज फिरकले नाही. वर्षभराने परत या, असे सुचवणारे जपानी अधिकारी आणि सोबतीला डच वंशाचा तरुण दुभाषी हेन्री ह्यूस्केन, एवढ्यावर या माणसाने दिवस काढले. अखेर डिसेंबर १८५७ मध्ये एदोला (आजचे टोकियो) शोगून, म्हणजे जपानचा लष्करी शासक, तोकुगावा इएसादा याची भेट झाली आणि २९ जुलै १८५८ रोजी व्यापारी करारावर सह्या झाल्या. अमेरिकी नागरिकांना जपानी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवणाऱ्या त्यातील कलमाची सल जपानला पुढे अनेक दशके राहिली, हेही येथे येताना ध्यानात असावे.

पेरीच्या ताफ्यातील खलाशांच्या कबरी, रशियन खलाशांच्या कबरी आणि आजारी हॅरिससाठी मिळवलेल्या गाईच्या दुधाचे स्मारक आवर्जून पाहावे. हॅरिसच्या सेवेत पाठवली गेल्याचे सांगितले जाते त्या ओकिची या स्थानिक गेशेची हळवी कथा शिमोदात सर्वत्र भेटते. तिच्यात लोककथेचा भाग मोठा आहे, त्यामुळे हॅरिसचे मोजमाप केवळ तिच्यावरून करणे मला अन्यायाचे वाटते.

भव्य दालनांची अपेक्षा असणाऱ्यांसाठी हे ठिकाण नाही. इतिहासाची ओढ असणाऱ्यांनी मात्र हॅरिसच्या रोजनिशीतील शिमोदाची पाने आधी वाचून, इझुक्यू-शिमोदा स्थानकावरून किनाऱ्याकाठाने चालत यावे आणि सकाळ राखून ठेवावी.