पणती, ग्लेझचा दिवा की जाळीचा लॅम्प?

मातीच्या दिव्यांनी घर सजवायचं म्हणून पुण्यात कसबा पेठेतल्या किंवा मुंबईत धारावीतल्या कुंभारवाड्यात गेलात, की हात आधी कुठे घालावा कळत नाही. साधी लाल पणती, ग्लेझचा चकचकीत दिवा, आत बल्ब बसणारा जाळीचा लॅम्प, सगळंच घ्यावंसं वाटतं. घेण्याआधी एवढं ठरवा: दिवा दिवाळीचे चार दिवस लावायचाय की रोज संध्याकाळी? आणि पुसायला-धुवायला कोणाला वेळ आहे?

दिवाळीपुरताच प्रश्न असेल तर माझं मत सरळ आहे, बिनरंगाची साधी पणती घ्या. तिचा लाल रंग मातीतल्या लोहाचा. साधारण 700 ते 1000 अंश सेल्सिअसला भाजलेली ही माती पक्की होते, पण सच्छिद्र राहते, म्हणून तेल पिते. कोरडी पणती तशीच भरून संगमरवरावर ठेवली, तर सकाळी खाली तेलाचा गोल डाग असतो आणि तो सहजी निघत नाही. पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. टाकल्या टाकल्या बारीक बुडबुडे येतात, कारण छिद्रांतली हवा बाहेर पडून पाणी आत शिरत असतं. मग पुसून कोरड्या करा. तेल कमी झिरपतं, थांबत मात्र नाही, तेव्हा खाली बशी हवीच.

निवडताना दोन पणत्या एकमेकींवर हलकेच वाजवा. खणखणीत वाजली तर नीट भाजलेली, बद्द वाजली तर कच्ची किंवा तडकलेली. सपाट जागी ठेवूनही पाहा. चोचीकडे कलत असेल तर वातीवाटे तेल बाहेर ठिबकत राहतं. सोनेरी रंग आणि आरसे लावलेल्या पणत्या मी घेत नाही. ज्योतीजवळचा रंग काळवंडतो, वासही येतो. शिवाय रंगाखाली माती आहे की प्लॅस्टर, हे कळत नाही. तळाशी नखाने खरवडून बघा, पांढरी भुकटी निघाली तर परत ठेवा.

ग्लेझच्या दिव्याची गोष्ट थोडक्यात आटपते. ग्लेझ म्हणजे मातीवर भट्टीत वितळून बसलेला काचेसारखा थर. त्यातून तेल झिरपत नाही, दिवा भांड्याच्या साबणाने स्वच्छ निघतो, पुढल्या वर्षी पुन्हा नवा. पणतीचं तसं नाही; मुरलेल्या तेलावर धूळ बसून ती चिकट होते आणि गरम पाण्यानेही पूर्ण सुटत नाही. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविलकडचं स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट पक्की भांडी, 1200 अंशांच्या वर भाजलेलं असतं, ते सर्वांत दणकट. जयपूरची निळी पॉटरी मात्र साध्या मातीची नसून क्वार्ट्झची पूड आणि काच यांची असते. दिसते देखणी, पण जपून हाताळावी लागते. जेवणाच्या टेबलावर मेणाचा टीलाइट ठेवायला ग्लेझसारखं सोयीचं काही नाही. फक्त बूड बघून घ्या, तिथे बहुधा ग्लेझ नसतं आणि खरखरीत कड लाकडावर चरे पाडते.

रोजच्यासाठी जाळीचा लॅम्प घ्या. यात पैसे जास्त जातात आणि फसायलाही जास्त होतं. जाळीची भोकं माती अर्धवट सुकलेली असताना कापतात. कामात घाई झाली असेल तर आतल्या बाजूला मातीचे कंगोरे तसेच राहतात, आणि तेच कंगोरे भिंतीवरच्या कवडशांत उमटतात. दुकानात आत बोट फिरवून पाहा. मग बल्ब. मोठा दुधी बल्ब लावलात तर भिंतीवर नुसता पिवळसर, धूसर उजेड दिसेल. कवडसे रेखीव हवे असतील तर पारदर्शक काचेचा, छोटा, फिलामेंटसारखा दिसणारा एलईडी घ्या, 2700 केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचा, 3-4 वॅट पुरतात. वरच्या अंगालाही भोकं हवीत. एलईडीची उष्णता त्याच्या बुडाशी साठते आणि बंद जागेत बल्ब लवकर जातो. होल्डर कोणता बसतो, पिनचा की आट्यांचा, हे दुकानातच विचारा. नाहीतर घरी आल्यावर पुन्हा इलेक्ट्रिशियन.

टांगायचा असेल तर वजन विसरू नका. मातीची शेड चांगली जड असते. ती वायरवर किंवा फॉल्स सीलिंगच्या बोर्डावर लटकवायची नाही, वरच्या स्लॅबमध्ये हूक मारून साखळीने टांगायची. बाल्कनीत पाऊस आत येत असेल तर हा लॅम्प तिथे नकोच. ओल्या मातीवर शेवाळ धरतं, पांढरे क्षार फुटतात, आणि शेजारी वीज आहे. तिथे पणतीच बरी.

भाड्याच्या घरात छताला भोक पाडायची परवानगी बहुधा नसते. अशांनी हाच लॅम्प जमिनीवर, दोन भिंतींच्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर ठेवावा. कवडसे दोन्ही भिंतींवर पडतात आणि वायर मागे लपते.