साप्रिसाचा जांभळा, म्हापशाची छपाई

म्हापशाच्या बाजाराच्या मागच्या अंगाला सब्लिमेशनवर, म्हणजे कागदावर छापलेली शाई उष्णतेनं कापडात उतरवून, जर्सी छापून आणि शिवून देणारं एक दुकान आहे. डिचोली-पेडण्याकडचे वाड्यावाड्यांचे संघ तिथं ऑर्डर टाकतात. निळी, लाल, पिवळी-हिरवी जर्सी हे दुकान बिनचूक देतं. आमच्या संघाला मात्र हवा होता कोस्टा रिकाच्या देपोर्तिवो साप्रिसा या फुटबॉल क्लबाचा जांभळा. छपाईत जांभळ्याइतका हट्टी रंग कमीच असेल, त्यामुळे अशा दुकानाची खरी पारख याच रंगावर होते. निकाल आधीच सांगतो: शिलाई उत्तम, छपाई चांगली, पण कापडावरचा नमुना हातात आल्याशिवाय ऑर्डर पक्की करू नका.

हाच रंग कशाला, असं दुकानातही विचारतात. साप्रिसाची स्थापना 16 जुलै 1935 ची, राजधानी सान होसेतली. रोबेर्तो ‘बेतो’ फेर्नांदेस यांनी वस्तीतल्या पोरांना घेऊन संघ उभा केला आणि त्याला नाव दिलं रिकार्दो साप्रिसा यांचं. हे रिकार्दो जन्मानं एल साल्वादोरचे, बार्सिलोनाच्या एस्पान्योल क्लबाकडून खेळलेले. या पोरांच्या मागे ते उभे राहिले. आपल्याकडे कापणी झालेल्या शेतात गोलपोस्ट रोवून वाड्याचा संघ जन्माला येतो, त्याच जातकुळीची ही सुरुवात. खालच्या विभागांतून चढत संघ 1949 साली पहिल्या विभागात पोचला आणि 1952 साली देशाचा विजेता झाला. 1959 साली तर हा संघ सामने खेळत जगप्रदक्षिणा करून आला. लॅटिन अमेरिकेतल्या कुठल्याही क्लबनं त्याआधी असं केलेलं नव्हतं.

त्यांचा सुवर्णकाळ 1972 ते 1977, सलग सहा विजेतेपदं. तिबासमधलं स्वतःचं स्टेडियमही 1972 सालचंच; त्याला चाहते ‘ला कुएवा’, म्हणजे गुहा म्हणतात. कॉन्काकॅफचा, म्हणजे उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या फुटबॉल महासंघाचा, चॅम्पियन्स कप त्यांनी 1993, 1995 आणि 2005 साली जिंकला. 2005 च्या अंतिम लढतीत समोर मेक्सिकोचा पुमास होता. घरच्या मैदानावर 2-0, परतीच्या सामन्यात 1-2, म्हणजे एकूण 3-2. प्रशिक्षक होते एर्नान मेदफोर्द. त्याच डिसेंबरात जपानमधल्या क्लब विश्वस्पर्धेत सिडनीला 1-0 हरवलं, लिव्हरपूलकडून 0-3 हार पत्करली आणि अल-इत्तिहादला 3-2 नमवून तिसरा क्रमांक मिळवला. 2014 च्या विश्वचषकात गोव्याच्या घराघरांत ज्याचं नाव झालं तो गोलरक्षक केलोर नावास याच क्लबात घडलेला. ‘मोन्स्त्रुओ मोरादो’, जांभळा राक्षस, ही क्लबाची ओळखच रंगावरून आलेली आहे. असा रंग निळ्याकडे घसरला तर जर्सी दुसऱ्याच कुठल्या संघाची वाटते.

आणि तो घसरतोच. सब्लिमेशनच्या शाईत जांभळा सायन (आकाशी निळा) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) मिळून होतो. सायन जरा वर गेला की कापडावर गडद निळा उतरतो. मोबाइलवर दिसणारा झगझगीत जांभळा हा पडद्याचा उजेड असतो; तो फोटो दाखवून ‘अस्साच करा’ म्हणण्यात अर्थ नाही. सायन मॅजेंटापेक्षा निदान 30 टक्क्यांनी कमी ठेवायला सांगा. मॅजेंटा 100 धरून सायन 55, 60, 65 आणि 70 अशा चार पट्ट्या ज्या कापडाची जर्सी होणार त्याच कापडावर काढून घ्या. पट्ट्या दुकानाबाहेर नेऊन दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली चारही जवळपास सारख्या दिसतात. छापलेल्या कागदाकडे बघून तर ठरवूच नका. कागदावर हा रंग मळकट, राखाडीच दिसतो, खरा रंग प्रेसच्या, म्हणजे कागद कापडावर दाबणाऱ्या गरम यंत्राच्या, उष्णतेनंतर खुलतो. हे दुकान पट्ट्या काढून देतं, पण मागितल्या तरच. त्यांनी हे आपणहून करायला हवं.

प्रेस साधारण 200 अंश सेल्सिअसला 40 ते 60 सेकंद चालतो. उष्णता कमी पडली तर रंग फिका राहतो, जास्त वेळ ठेवलं तर कडा पसरतात आणि रंगाची छटा बदलते. गोव्यात यावर आणखी एक संकट म्हणजे दमट हवा. पावसाळ्यात कागद आणि कापड दोन्ही ओल धरतात. प्रेसखाली त्या ओलीची वाफ होते आणि सपाट रंगात ढगांसारखे डाग उठतात. उपाय साधा: कागदाची गुंडाळी बंद पिशवीत ठेवायची आणि कापड आधी 5 ते 10 सेकंद नुसतंच दाबून कोरडं करून घ्यायचं. इथले कारागीर ते इमानानं करतात, त्याबद्दल पूर्ण गुण. नक्षीच्या जर्सीत असा डाग लपतो. साप्रिसासारख्या एकरंगी जर्सीत छातीवरच दिसतो. प्रिंटरचं एखादं नोझल (शाईचं छिद्र) तुंबलं तर येणाऱ्या बारीक आडव्या रेघांचंही तेच. साधी जर्सी छापायला सोपी, हा मोठा गैरसमज आहे.

जर्सीचे भाग आधी सुटे छापून मग शिवतात ना, हे विचारून घ्या. तयार पांढरी जर्सी प्रेसखाली घातली तर काखेत आणि बाजूच्या शिवणीत पांढऱ्या चिरा राहतात. इथं पुढचा भाग, पाठ आणि बाह्या सुट्या छापतात, शिवण ओव्हरलॉकची (कडा गुंडाळून घेणारी) असते आणि गळ्याला मागून पट्टी लावलेली असते. कापड पूर्ण पॉलिस्टरच हवं, कारण ही शाई सुती धाग्यात धरत नाही. डॉट निट, म्हणजे बारीक ठिपक्यांच्या विणीचं कापड, 140 ते 160 जीएसएमचं (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) घ्या. 180 चं हाताला भारी लागतं, पण मे महिन्याच्या दुपारी अंगाला चिकटून बसतं. म्हापशाच्या दुलेर मैदानासारख्या कृत्रिम गवतावर खेळणार असाल तर फार विरळ विणीचं नको. घसरलं की धागे ओढले जातात.

पांढरी शाई सब्लिमेशनमध्ये नसते. पांढरा आकडा म्हणजे न छापलेलं कापड. म्हणून नावं आणि आकडे पहिल्याच फाइलमध्ये पक्के करा. असे आकडे कधी सुटत नाहीत. नंतर एखादा खेळाडू आला आणि त्याचं नाव व्हिनाइलनं (उष्णतेनं चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्यानं) वरून चिकटवलं, तर जास्त उष्णतेनं खालचा जांभळा रंग वर झिरपतो आणि पांढरी अक्षरं फिकट गुलाबी-जांभळी होतात. रंग अडवणारा थर असलेलं, कमी तापमानावर चिकटणारं व्हिनाइल मागा. इथं ते नेहमी शिल्लक नसतं आणि साधं लावून देण्याची घाई होते, हा या दुकानाचा खरा दोष. त्यापेक्षा दोन-तीन जर्सी बिननावाच्या, वेगवेगळ्या आकड्यांच्या, मूळ ऑर्डरीतच छापून ठेवाव्यात. पुढच्या हंगामात मागवलेला जांभळा पहिल्याशी तंतोतंत जुळत नाही. कापडाचा तागा बदलतो, शाईचा लॉट बदलतो, आणि शेजारी उभं राहिलं की फरक लगेच कळतो.

क्लबाचा बिल्ला छापायला दुकानानं नकार दिला, आणि ते योग्यच केलं. तो क्लबाच्या मालकीचा आहे. रंग साप्रिसाचा घ्या, छातीवर आपल्या वाड्याचं चिन्ह लावा.

मापासाठी दुकानात नमुन्याच्या जर्सी टांगलेल्या असतात. तिथल्या 40 या मापावर विसंबू नका, प्रत्येकानं घालून बघावी. बाह्या जरा आखूड बेततात. पावतीवर कापडाचं जीएसएम, निवडलेल्या पट्टीचा क्रमांक आणि द्यायची तारीख लिहून घ्या, आणि पट्टीचा एक तुकडा आपल्याकडे ठेवा. माल घेताना तो प्रत्येक जर्सीवर टेकवून बघा. चतुर्थीच्या आसपास शिलाईवाले गावी गेलेले असतात, तेव्हाची तारीख मिळाली तर एक आठवडा जास्तीचा धरा.

धुताना जर्सी उलटी करून थंड पाण्यात. मैदानाची तांबडी माती आधी वाळू द्या, झटका, मग भिजवा. ओली चोळली की विणीत बसते. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नका, त्यानं कापड घाम टिपेनासं होतं. वाळत घालायची ती सावलीत. सामन्यानंतर ओली जर्सी पिशवीत रात्रभर राहिली तर पावसाळ्यात बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते कशानंच जात नाहीत.