जुन्या चेनसॉचं क्लच किट: ड्रम झकास, शूज ठीक, स्प्रिंग मात्र लावू नका

आधी निकाल सांगून टाकतो. जुन्या चेनसॉसाठी ऑनलाइन जे क्लच किट मिळतं ना, एका पाकिटात क्लच, ड्रम (क्लचवर बसणारी लोखंडी वाटी), नीडल बेअरिंग, वायसर आणि ई-क्लिप, ते मी बसवलं आणि बऱ्यापैकी लाकूड कापून झाल्यावर हे लिहितोय. ओरिजिनल नाही, दुसऱ्या कंपनीचं. ड्रम एकदम चांगला, शूज (ड्रमला आतून घासणारे क्लचचे तुकडे) चालतील, बेअरिंग यथातथा आणि स्प्रिंग बेकार. कंपनीचं नाव देत नाही, कारण फोटो नीट बघितले तर हाच माल वेगवेगळ्या नावांनी विकायला ठेवलेला दिसतो, नाव सांगून तुमचा काही फायदा नाही.

माझ्या मशीनचं दुखणं असं होतं की रेस दिली की इंजिन मस्त ओरडायचं पण साखळी लाकडात शिरली की जागच्या जागी थांबायची, आवाज तसाच चढलेला, आणि कव्हरमधून जळका वास. ही क्लच घसरण्याची पक्की खूण. पण किट मागवायच्या आधी एक गोष्ट बघाच, साखळीला धार आहे का. बोथट साखळी असली की भुगा पिठासारखा बारीक पडतो, कापणारा माणूस जोर लावून दाबतो, साखळी अडते आणि क्लच घसरतो, म्हणजे आजार साखळीचा आणि खर्च क्लचचा. धार असेल तर चांगले जाडसर तुकडे उडतात. माझी साखळी धारदार होती, बार, म्हणजे साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी, तीही इंजिनला झेपेल एवढीच होती, तरी घसरत होतं, मग ड्रम उघडला तर आतली बाजू निळी पडलेली आणि नख फिरवलं की कड लागत होती एवढी खाच. शूज एका बाजूने जास्त घासलेले. जुन्या मशीनचं वय बघता तक्रार करण्यासारखं काही नाही, चाललं तेवढं खूप चाललं.

ज्यांना आतलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कारण पुढचं सगळं यावरच आहे. चेनसॉचा क्लच म्हणजे गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये असतो तसाच, सेंट्रिफ्यूगल. मधल्या हबला दोन किंवा तीन शूज, त्यांना स्प्रिंगने आत धरून ठेवलेलं. इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू, साधारण २,५०० ते ३,००० आरपीएमला असताना स्प्रिंग जिंकते, शूज आतच राहतात, साखळी थांबलेली. रेस वाढली की शूज बाहेर फेकले जातात, ड्रमला आतून चिकटतात आणि ड्रमबरोबर स्प्रॉकेट (साखळी ओढणारं दातेरी चाक), स्प्रॉकेटबरोबर साखळी. आणि हा बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, आरपीएम दुप्पट तर जोर चौपट. म्हणूनच अर्ध्या रेसवर कापत बसणारे लोक क्लच जाळतात, शूज धड सुटलेले नसतात आणि धड चिकटलेलेही नसतात, नुसते घासत राहतात. कापायचं तर पूर्ण रेसवर, नाहीतर सोडून द्या. बऱ्याच मशीनमध्ये शूजवर वेगळं लायनिंगही नसतं, लोखंड लोखंडावर घासतं, त्यामुळे उष्णता किती होत असेल बघा.

आता किटकडे. पाकीट उघडल्यावर पहिलं समाधान ड्रमचं. वजन हातात ओरिजिनलसारखंच लागलं, आतली बाजू गुळगुळीत, आणि फिरवून बघितला तर डोळ्याला दिसेल असं लडबडत नव्हतं. मागच्या बाजूला ऑइल पंपाच्या वर्मची (पंप फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरची) तार जिथे अडकते ती खाच पण बरोबर जागी कापलेली. ही खाच फार महत्त्वाची आहे बरं का, माझ्या मशीनसारखी रचना असेल तर ड्रम बसवताना ती तार खाचेत गेली नाही की पंप फिरतच नाही, बारला तेल नाही, आणि साखळी कोरडी चालून बार जळतो. स्वस्त ड्रममध्ये ही खाच उथळ असते अशी तक्रार बऱ्याच लोकांची वाचली होती, इथे तसं काही नव्हतं. स्प्रॉकेटचे दात, पिच (साखळीच्या कड्यांचं इंचातलं माप) सगळं जुळलं. पण मागवताना पिच बघूनच मागवा, .३२५ आणि ३/८ दोन्ही एकाच मॉडेलच्या मशीनला असू शकतात, आणि चुकीचा आला की साखळी बसणारच नाही. आणि नवीन ड्रमवर पार झिजलेली साखळी चढवू नका, ती नवे दातही लवकर खाते.

क्लच काढायचं काम मात्र किटच्या कागदावर (कागद कसला, एक चिटोरं) काहीच लिहिलेलं नाही, त्याबद्दल एक स्टार कापलाय. जवळजवळ सगळ्या चेनसॉवर क्लचचे आटे उलटे असतात. म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतो, नेहमीच्या बोल्टच्या बरोब्बर उलटं. हबवर बहुतेक वेळा बाण असतो, जुन्या मशीनवर तो तेल आणि भुशाच्या थराखाली गाडला गेलेला असतो, आधी ब्रश मारून तो शोधा. ज्याला हे माहीत नाही तो सवयीने उलटीकडे जोर लावत राहतो आणि क्लच आणखी घट्ट करून ठेवतो. काम करता करता क्लच स्वतःच आवळला जावा म्हणूनच आटे तसे दिलेत, त्यामुळे जुना क्लच जाम असणार हे धरूनच चला.

इंजिन फिरू नये म्हणून पिस्टन अडवावा लागतो. किटबरोबर प्लास्टिकचा पिस्टन स्टॉप आला होता, स्पार्क प्लगच्या जागी लावायचा, ठीकठाक आहे, पण मी दोरीच वापरतो. स्टार्टरची जाड नायलॉन दोरी, टोकाला गाठ, प्लगच्या भोकातून आत सोडायची. फक्त पिस्टन वर येऊन त्याने सायलेन्सरकडचं भोक, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट, झाकलेलं असलं पाहिजे, नाहीतर दोरी त्या भोकात शिरते आणि पिस्टनच्या कडेखाली कापली जाते. लोखंडी स्टॉप वापरू नका, पिस्टनचं डोकं ॲल्युमिनियमचं असतं, त्याला खड्डा पडतो. आणि काहीजण दुसऱ्या बाजूच्या फ्लायव्हीलच्या पात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवतात, ते तर बघवत नाही, एक पातं तुटलं की बॅलन्स गेला. छिन्नी हातोडीने क्लच मारून काढणारेही असतात, निघतो, नाही असं नाही, पण हब परत वापरण्यासारखा राहत नाही.

बरं, आता मुख्य तक्रार. स्प्रिंग. किटमधला क्लच जसा आला तसाच बसवला, मशीन चालू केलं, गरम होऊ दिलं, रेस सोडली, आणि साखळी फिरतेच आहे. हळूहळू, पण फिरतेय. आता हे काही किरकोळ नाही, आयडलला साखळी फिरणारं मशीन हातात धरून एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं म्हणजे पाय कापून घ्यायचं आमंत्रण. विक्रेत्याला मेसेज टाकला तर उत्तर आलं, आयडलचा स्क्रू थोडा कमी करा. अहो, आयडल आधीच जागेवर होता, आणखी कमी केला की इंजिन बंद पडतं, मग दर थोड्या वेळाने दोरी ओढत बसायचं का?

क्लच परत खाली उतरवला आणि किटची स्प्रिंग जुन्या ओरिजिनल स्प्रिंगशेजारी ठेवली. लांबी तीच, वेटोळी जवळपास तीच, पण व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला तर किटच्या स्प्रिंगची तार बारीक. डोळ्याला कळत नाही, हाताला कळतं, पक्कडीने ओढली की किटची लगेच ताणते आणि जुनी, एवढी वर्षं तापून निघालेली, तरी जास्त कडक. तार थोडीशी जरी बारीक झाली तरी स्प्रिंग बरीच मऊ होते, त्यामुळे शूज ठरलेल्या आरपीएमच्या आधीच बाहेर येतात आणि ड्रमला घासायला लागतात. म्हणजे साखळी फिरण्याचा धोका तर आहेच, वर नवीन शूज आणि नवीन ड्रम आयडललासुद्धा झिजत राहणार. गंमत म्हणजे पूर्ण रेसवर यातलं काहीच जाणवत नाही, तिथे जोर एवढा असतो की स्प्रिंग मऊ असो की कडक, शूज चिकटतातच, त्यामुळे "छान कापतं, पाच स्टार" असे रिव्ह्यू खाली दिसतील तुम्हाला. कापतं छानच. थांबतं का ते विचारा.

उपाय सोपा निघाला. ओरिजिनल कंपनीच्या स्प्रिंग सुट्ट्या मिळतात, किटच्या मानाने किरकोळ खर्च. त्या मागवल्या, किटच्या शूजवर चढवल्या. चढवताना डोळ्याला चष्मा लावा, स्प्रिंगचा हूक सुटला तर थेट तोंडावर येतो. एक हूक आधी अडकवायचा, दुसऱ्या टोकाला बारीक वाकवलेली तार किंवा हूकवाला स्क्रूड्रायव्हर घालून ओढायचं, व्हाइस असेल तर हब त्यात धरून काम निम्मं होतं. आणि बदलायच्या तर सगळ्या एकदम बदला, एक जुनी दोन नव्या असं केलं की शूज वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात आणि क्लच थरथरतो. त्यानंतर आयडलला साखळी ठप्प. तोच स्क्रू, तोच आयडल, काही हात लावला नाही.

नीडल बेअरिंगबद्दल फार लिहीत नाही. चालतं, पण कोरडं आलं होतं आणि पिंजऱ्यात सुया सैल वाजत होत्या. मी जुनंच पेट्रोलने धुऊन, नीट बघून, लिथियम ग्रीस भरून परत घातलं कारण ते ठणठणीत होतं. तुमचं निळं पडलं असेल तर ओरिजिनल घ्या. हे बेअरिंग जाम झालं तरीसुद्धा आयडलला साखळी फिरते, कारण ड्रम थेट शाफ्टबरोबर ओढला जातो, त्यामुळे स्प्रिंगला शिव्या घालायच्या आधी ड्रम हाताने फिरवून बघा, मोकळा फिरला पाहिजे.

क्लच खाली उतरवलाच आहे तर मागचं ऑइल सील पण बघून घ्या. तिथे ओलसर, चिकट काळपट दिसलं तर सील गळतंय, शूजवर तेल येऊन क्लच घसरतो हे एक, आणि सीलमधून हवा ओढली गेली तर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होऊन पिस्टन जाम होतो हे त्याहून वाईट. किटमध्ये सील येत नाही, यायला हवं होतं असं माझं मत, एवढं सगळं खोलल्यावर ते बदलणं पाच मिनिटांचं काम.

अजून एक, ज्यांच्या मशीनचा साखळी थांबवणारा ब्रेक (ड्रमभोवती आवळणारा पट्टा) कव्हरमध्ये आहे त्यांनी कव्हर काढायच्या आधी ब्रेकचा हँडल मागे ओढून ब्रेक सोडा. पट्टा आवळलेल्या अवस्थेत कव्हर काढलं तर परत ड्रमवर बसता बसत नाही आणि लोक समजतात ड्रम मोठा आला. रिव्ह्यूमध्ये "ड्रम फिट होत नाही" म्हणणाऱ्यांपैकी निम्मे तरी हेच असावेत. आणि ब्रेक लावलेला असताना रेस देत राहायची सवय असेल तर नवीन क्लचही टिकणार नाही, पट्ट्याखाली ड्रम लाल होईपर्यंत तापतो आणि मागचा प्लास्टिकचा वर्म वितळतो.

तर स्टार पाचपैकी तीन. ड्रम वेगळा मिळत असेल तर फक्त ड्रम घ्या आणि स्प्रिंग ओरिजिनल, शूज जुने अर्धे तरी शिल्लक असतील तर तेच चालवा. मला शूज हवेच होते म्हणून पूर्ण किट घेतलं. आता साखळी लाकडात अडली तरी इंजिन बरोबर खाली बसतं, नुसतं ओरडत नाही, वास नाही. विक्रेत्याने नंतर "नवीन बॅचमध्ये स्प्रिंग बदलल्या आहेत" असं कळवलंय, कोणाला नवीन बॅच आली असेल तर व्हर्नियर लावून तारेची जाडी खाली टाका.