लिम्फोसाइट की फायब्रोब्लास्ट? गुणसूत्रांच्या जागा पाहणाऱ्यांसाठी

प्रकल्पासाठी पेशी निवडायची वेळ आली की नागपुरातले विद्यार्थी लिम्फोसाइट (रक्तातली एक पांढरी पेशी) आणि फायब्रोब्लास्ट (त्वचेतली जोडऊतकाची पेशी) या दोघांपाशीच अडतात. फिश (गुणसूत्रावर चमकणारा डाग उमटवायची पद्धत) आणि त्यातले रंगीत प्रोब ठाऊक आहेत असं धरतो. दोन्हींवर काम केलंय, त्यावरून सांगतो.

18 आणि 19 क्रमांकाच्या गुणसूत्रांची जोडी घ्या. एक सुमारे 8 कोटी बेस-जोड्यांचं, दुसरं 6 कोटींच्या आसपास. लांबीत फार फरक नाही, पण 19 वर जनुकांची दाटी आहे आणि 18 वर ती विरळ. 1999 साली एडिनबर्गच्या वेंडी बिकमोर यांच्या गटाने दाखवलं की 18 केंद्रकाच्या कडेला असतं, 19 आत. लिम्फोसाइटच्या गोल केंद्रकात हे फार सुरेख दिसतं: 18 चे दोन डाग कडेला टेकलेले, 19 चे दोन मधोमध. पाहून खरंच हरखायला होतं.

फायब्रोब्लास्टचं केंद्रक थालीपिठासारखं चपटं. तिथे लांबीचा हिशोब वरचढ ठरतो: लहान गुणसूत्रं मध्याकडे, मोठी कडेला. म्युनिकच्या गटाने 2005 मध्ये सर्व 46 गुणसूत्रांचा नकाशा काढला, त्यातही हेच दिसलं. चपटेपणाचा फायदाही आहे. कन्फोकल सूक्ष्मदर्शकावर (जो पेशीची थराथराने चित्रं घेतो) थर कमी घ्यावे लागतात आणि पेशी काचेला आपणहून चिकटतात. लिम्फोसाइट मात्र काचेला पॉलिलायसिन (पेशी चिकटवणारा लेप) लावूनही धुताना निसटतात.

तरी माझा कल लिम्फोसाइटकडे ठरला तो इन्क्युबेटरमुळे, म्हणजे पेशी वाढवायच्या ऊबदार पेटीमुळे. साधा इन्क्युबेटर तापवतो, थंड करत नाही. आत 37 अंश राखायचे तर खोली त्याहून काही अंश गार हवी. नवतप्यात बाहेर पंचेचाळीस, त्यात लाइट गेली. जनरेटरवर इन्क्युबेटर चालतो, एसी नाही. मग आकडा 38, 39 असा चढत जातो आणि तो खाली आणायला बटण नसतं. फायब्रोब्लास्ट त्वचेच्या तुकड्यापासून वाढवायला काही आठवडे लागतात. त्यातली एक दुपार अशी गेली की पेशी गोल होऊन तरंगायला लागतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

न उद्दीपित केलेल्या (विभाजनाला न लावलेल्या) लिम्फोसाइटमध्येही 18-19 चा फरक टिकतो, म्हणजे कल्चरच (पेशी वाढवणंच) टळतं. नैतिक समितीची परवानगी हाती असली की सकाळी हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) ट्यूबमध्ये रक्त घ्या, त्याच दिवशी पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये पेशी स्थिर करा.

अर्थात, वाढ थांबलेल्या पेशीत 18 आणखी आत कसं सरकतं हाच तुमचा प्रश्न असेल, तर फायब्रोब्लास्टच बरे. मात्र कल्चर दिवाळीनंतर लावा.